बिनतळाचं जाळं

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीतली माणसं लग्नाळू होतात. स्वतःचं होऊन गेलेलं असेल तर दुसऱ्याचं जुळवायला निघतात. दिवाळी सरते, भाऊबीजेला आलेल्या लेकी अजून माहेरच्या ओसरीवरच असतात, तोच गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. मंडई म्हटल्यावर ज्यांना भाजीबाजार आठवतो त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: आमची मंडई म्हणजे धानाच्या हंगामानंतरची जत्रा. आकाशपाळणा, जिलेबीच्या कढया, दुपारी दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. आणि या सगळ्याच्या मधून धुतलेले कपडे घालून फिरणारी, दुसऱ्यांच्या पोरापोरींवर हळूच नजर टाकणारी माणसं. बैल, कांदे, सोयरीक, नाटकमंडळी, सगळं इथे बघूनच ठरतं.

परवा चंद्रपूरच्या बसस्थानकावर उभा होतो. नागभीडकडून आलेल्या गाडीतून कुणीतरी एक पोतं ओढत उतरवलं आणि ते पायरीला घासून जरासं उसवलं. नवा तांदूळ. चिन्नोर. तो वास आला आणि मी कुठे जायला निघालो होतो तेच विसरलो. माणूस पन्नाशीला पोचला तरी नाक पंचविशीतच राहतं, असा माझा अनुभव आहे. त्या नाकाने मला धरून थेट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडे नेलं. कापणी झालेल्या बांध्या, त्यांत धानाच्या खुंटांमधून वर आलेली लाखोळीची कोवळी पानं, तलावावरून येणारी पातळ थंडी, पेटीतून काढलेल्या स्वेटरांचा डांबरगोळ्यांचा वास, आणि कुठल्यातरी गावातून दिवसभर ऐकू येणारं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग".

त्या हंगामात आम्हीही एक मुलगी पसंत केली होती. सून म्हणून नव्हे. गार्ड म्हणून.

आता हे नीट सांगायला हवं.

चंद्रपुरात आमचं एक बास्केटबॉलचं मंडळ होतं. नाव होतं 'रानगवा'. नाव ठेवलं तेव्हा फक्त मुलांचा संघ होता, त्यामुळे सगळ्यांना ते फार मर्दानी वाटलं. पुढे मुलींचा संघ निघाला. त्यांची कर्णधार नंदा उंचीने पाच फूट दहा. ती एक दिवस माझ्याकडे आली. "बंडूभाऊ, आमी मैदानात उतरलो का लोकं 'रानगवा आला, रानगवा आला' करून ओरडते. नाव बदलवा जी." नाव काही बदललं नाही, कारण फलक रंगवून झाला होता. मंडळाचे प्रशिक्षक दामूभाऊ. कोळसाखाणीत वीजकाम करायचे, संध्याकाळी मुलींना पळवायचे. हसू ते बहुधा खाणीच्या फाटकावर जमा करून येत असावेत, कारण आम्ही ते कधी पाहिलं नाही. संघाच्या व्यवस्थापिका शकुनबाई. दवाखान्यात नर्स होत्या, आणि सुई टोचायच्या आधी ज्या आवाजात "काही होत नाही" म्हणतात, त्याच आवाजात सगळ्यांशी बोलायच्या. आणि मी? मी खेळत नव्हतो. मी बोलत होतो. कुठलाही सामना असो, माइक माझ्या हातात. लोक खेळ बघायला येत की मला ऐकायला, यावर मंडळात दोन मतं होती. त्यातलं एक माझं होतं.

त्या वर्षी आमच्या संघावर संकट आलं होतं. आमची गार्ड वैशाखात लग्न होऊन अमरावतीला गेली. गार्ड म्हणजे काय ते मी तेव्हा माइकवरून असं समजावून सांगायचो: घरात उंच, धिप्पाड दीर-भासरे पुष्कळ असतात, पण कुणाच्या ताटात काय वाढायचं हे ठरवते ती धाकटी सून. ती म्हणजे गार्ड. चेंडू घेऊन पुढे जाणारी, सगळ्यांना वाटणारी, आणि वेळ आली तर स्वतःच घुसणारी. आमच्याकडे धिप्पाड मंडळी भरपूर होती. वाढणारी कुणी नव्हती.

दिवाळीच्या आधी जिल्ह्याच्या संघाची निवडचाचणी झाली. आमच्याच मैदानावर, म्हणजे माइकवर मीच. बाहेरगावच्या पुष्कळ मुली आल्या होत्या. त्यांत नागभीडच्या पलीकडच्या एका तलावकाठच्या गावातून आलेली एक मुलगी. नाव कुंदा. बारावी झालेली, दोन वेण्या वर बांधलेल्या, उंची जेमतेम नंदाच्या खांद्याइतकी. पायात बूट होते, पण ते तिच्यापेक्षा मोठे होते, आणि ती धावली की बूट मागून येत.

खेळ सुरू झाला. समोरच्या संघाचा नेम चुकला, चेंडू कुंदाच्या हातात आला. ती तो आपटत मधल्या रेषेपर्यंत गेली. इथवर सगळं ठीक. मग गर्रकन वळली. वळली आणि उलटी आली! समोरच्या मुली गांगरल्या. तिच्या स्वतःच्या संघातल्या मुली "अवो, इकडे कुठी!" करत आडव्या आल्या. ही एकीच्या हाताखालून, दुसरीच्या पाठीमागून, तिसरीला डावीकडे दाखवून उजवीकडून, अशी सगळ्यांना चुकवत गेली आणि अगदी अलगद, दिवा लावावा तसा, चेंडू जाळीत टाकला. स्वतःच्याच संघाच्या जाळीत.

मी माइकवर म्हणालो, "दोन गुण! कोणाचे ते आता विचारू नका!" मैदान हसून लोळलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच केलं. निवड करणाऱ्या साहेबांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "बाळ, तू आता बस."

ती बसली. कुणाकडे बघत नव्हती. दामूभाऊ तिच्याजवळ गेले. मी माइक बंद करून मागोमाग. दामूभाऊंनी विचारलं, "काऊन वो, उलटी काऊन गेली?"

ती म्हणाली, "आमच्या शाळेत एकच जाळी हाय जी."

तेव्हा उलगडा झाला. तिच्या शाळेच्या मैदानाला दोन खांब होते, पण एक वादळात पडला आणि त्याचं लोखंड शाळेने नव्या फाटकाला लावलं. त्यामुळे तिथे दोन्ही संघ एकाच जाळीत चेंडू टाकत. चेंडू हातात आला की मधल्या रेषेला शिवून यायचं, वळायचं, आणि पुन्हा त्याच जाळीवर चाल करायची. लहानपणापासून ती शाळेतल्या पोरांबरोबर असंच खेळत आली होती. जगात दुसरी जाळीही असते हे तिला माहीत होतं, पण पायांना माहीत नव्हतं.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. दुपारच्या गाडीने ती परत गेली, बूट हातात धरून.

संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर बसलो होतो. मी तिची नक्कल करून दाखवली, आणि चांगली केली. सगळे हसले. दामूभाऊ सोडून, अर्थात. ते म्हणाले, "समोरच्या पाच चुकवल्या. आपल्या चार चुकवल्या. नऊ पोट्ट्यांतून गेली ना थे? चुकीच्या जाळीत गेली. पण गेली का नाई?"

मी नक्कल थांबवून खाली बसलो.

"जाळी आपण दाखवू तिले," दामूभाऊ म्हणाले. "जाणं नाई शिकवता येत."

मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत आणि त्याहून जास्त केली आहेत. पण एखाद्या माणसाची अशी पारख मी पुन्हा ऐकली नाही. सगळं मैदान कुठे पोचली ते बघून हसत होतं, आणि हा एकटा माणूस ती कशी गेली ते बघत होता. मला अजून वाटतं, आमच्या मंडळाने जे काही चषक कमावले ते कपाटात आहेत आणि धूळ खातात. पण ज्यावर छाती फुगवावी अशी गोष्ट त्या संध्याकाळी ओट्यावर घडली. न निवडलेल्या मुलीला आम्ही निवडलं.

ठरलं. तिच्या गावी जायचं, बापाला भेटायचं, मुलीला चंद्रपूरला आणायचं. शकुनबाईंच्या क्वार्टरमध्ये राहील, कॉलेजात नाव घालू, आमच्याकडून खेळेल. मंडईचे दिवस होते, सगळे घरी सापडतील. जाताना मोकळ्या हाताने जाऊ नये, असं मीच सुचवलं. मी नारळ घेतला. शकुनबाईंनी बाईमाणसाच्या रीतीने खणाचा तुकडा आणि साखर घेतली. दामूभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला. मुलीला धीर यावा म्हणून नंदाला बरोबर घेतलं, तीही नवा पंजाबी ड्रेस घालून आली. आता वाचकहो, मंडईचे दिवस, नारळ, खण, साखर, दोन पुरुष, एक पोक्त बाई आणि एक तरणी मुलगी. आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल की ही मंडळी कशाला निघाली आहेत. आम्हा चौघांना तेवढं कळलं नाही.

गावाच्या पारावरच एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाच्या घरी?"

"तुळशीरामभाऊंच्या. त्यांची कुंदा आहे ना, तिच्यासाठी आलो," मी ऐटीत म्हणालो.

म्हातारा उठलाच. आमच्या पुढे चालायला लागला आणि रस्त्यातल्या प्रत्येक दाराला सांगत गेला, "तुळशीरामच्या घरी पाहुणे आले!" नंदाकडे बघून एक बाई दुसरीला म्हणाली, "बहीण एवढी हाय, तर पोट्टा केवढा असन माय!"

हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात जरासा उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

तुळशीरामभाऊ धिवर. गावच्या तलावात मासे धरणारं घर. अंगणात बांबूवर जाळी वाळत टाकलेली, कोपऱ्यात नव्या धानाचा ढीग, शेणाने सारवलेली ओली जमीन. पाय धुवायला पाणी आलं. खाटेवर नवी वाकळ आली. कुंदाच्या आईने नारळ आणि खण आमच्या हातून घेतला, डोक्याला लावला आणि आत देवाजवळ ठेवून हळदकुंकू वाहिलं. पोहे आले. मी म्हणालो, वा, काय आदरातिथ्य! खरं सांगतो, मला वाटलं बास्केटबॉलची कीर्ती इथवर पोचली आहे.

तुळशीरामभाऊ काळसर, काटक, कमी बोलणारे. खाकरून म्हणाले, "पोरगी आमची कामाची हाय जी."

"ते आमी पाह्यलं," दामूभाऊ म्हणाले. "हात लय साफ हाय. फक्त एकदा पुन्हा पळून दाखवू द्या."

दाराआडून एक म्हातारी कुजबुजली, "पळाले कायले लावून राह्यले बाप्पा?"

तेवढ्यात कुंदा बाहेर आली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात चहाचे कप, नजर जमिनीला खिळलेली. चेहरा असा की फाशीला चालली आहे. कप माझ्यासमोर धरला, नजर वर केली. मला पाहिलं, मग दामूभाऊंना, मग नंदाला. पदर पाठीमागे पडला.

"अवो माय!" ती ओरडली. "हे तर चेंडूवाले!"

आणि हसत सुटली. असं हसू की कप वाजायला लागले. नंदाला सगळं एका क्षणात कळलं, तीही तोंड दाबून हसायला लागली. शकुनबाई म्हणाल्या, "काही होत नाही, काही होत नाही." पण ज्याच्या घरी हे घडलं तो माणूस हसत नव्हता.

मंडईच्या दिवसांत कुंदाला बघायला एक स्थळ यायचं होतं, सिंदेवाहीकडचं. दिवस पक्का नव्हता. घरच्यांना आम्हीच ते पाहुणे वाटलो. आम्ही हात जोडून सगळं सांगितलं: मंडळ, गार्ड, कॉलेज, शकुनबाईंचं क्वार्टर. तुळशीरामभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साऱ्या गावानं नारळ येताना पाह्यला. आता तुमी असेच परत गेले तर गाव का म्हणन?"

मी शकुनबाईंकडे पाहिलं.

"तुळशीरामची पोट्टी पाह्यली अन् नापसंत केली, असं म्हणन. उद्या थे सिंदेवाहीवाले पारावर इचारतीन, अन् गाव सांगन. नारळ आला होता, परत गेला. अशा पोरीले मंग कोण इचारते?"

मी म्हणालो, "भाऊ, परत कशाला जाईल? पोरगी पसंतच आहे. आमच्या मंडळाला पसंत आहे."

"मंडळ मनजे कोण?" ते म्हणाले. "त्याले मायबाप हाय का?"

तेवढ्यात दारातून कुंदाचा आवाज आला, "बाबा, मले जाचं हाय."

"तू चूप बस," आई म्हणाली.

"काऊन चूप बसू? पाहाले आलेल्याले सारे इचारता, पसंत हाय का, पसंत हाय का. मले हे पसंत हाय."

बापाने तिच्याकडे पाहिलं. मग अंगणातल्या जाळ्यांकडे. शेवटी म्हणाले, "परवा आमच्या गावची मंडई हाय. त्या पाहुण्यायलेबी परवाच बलावतो. गावाले सांगा तुमी कायले आले. तोंडानं नका सांगू, तोंड या भाऊचं लय चालते." हे माझ्याकडे बोट दाखवून. "खेळून दाखवा. आखरावर, साऱ्यांसमोर. गावाले पटलं तर नारळ राहीन अन् पोरगी जाईन. गाव हसलं, तर मी तिले सिंदेवाहीले देतो. माघात लग्न."

कुंदाचा चेहरा मी पाहिला. निवडचाचणीत लोक हसले तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. आता घालत नव्हती.

मधेच सांगून टाकतो, कारण माझ्या पोटात गोष्ट फार वेळ राहत नाही. कुंदा पुढे कितीतरी हंगाम खेळली. पहिल्याच हिवाळ्यात नागपूरच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत हरलो, तरी तिथल्या उंच उंच मुली आपल्याच काखेखाली वाकून तिला शोधत होत्या, हे दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे ती आमची कर्णधार झाली. आता एका शाळेत खेळ शिकवते, गळ्यात शिट्टी, आणि त्या शिट्टीला मीसुद्धा बिचकतो. लग्नही केलं, स्वतः बघून. नवऱ्याला तीन गुणांचा नियम अजून कळत नाही, पण टाळ्या वेळेवर वाजवतो. कधी रस्त्यात भेटली की म्हणते, "बंडूभाऊ, कमी बोलत जा, श्वास लागते तुमाले." मी मान डोलावतो आणि बोलत राहतो. तिच्या शाळेतली एखादी बुटकी मुलगी चेंडू घेऊन धावताना दिसली की माझी छाती उगाच भरून येते, जणू मीच काही केलं आहे. केलं दामूभाऊंनी, धावली कुंदा. मी फक्त पाहिलं. पण पाहणाऱ्यालाही अभिमानाचा थोडा वाटा मिळायला हरकत नसावी.

तर मंडई. आखर म्हणजे गावाबाहेरची, गुरं जमायची मोकळी जागा. आदल्या दिवशी गावातली तरणी पोरं धुम्मस घेऊन आली आणि जमीन ठोकून ठोकून अशी केली की चेंडू गुडघ्याच्या वर उसळायला लागला. बायकांनी कडा सारवल्या. चुन्याने रेषा मारल्या. बांबूचे दोन खांब उभे राहिले, त्यांवर दाराच्या फळ्या. रिंगणं कुठून आणायची? लोहाराने दोन घमेल्यांची बुडं कापून काठ तेवढे ठेवले. आमच्या बाकीच्या मुली सकाळी जीपमधून आल्या. त्यांच्याच दोन बाजू पाडल्या, एकीकडे कुंदा, दुसरीकडे नंदा. त्या पूर्ण पायांच्या पँटी घालून आहेत हे गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी जवळ जाऊन तपासलं आणि मगच बसल्या. रात्रीच्या नाटकाचा भोंगा मी मागून घेतला. इतका मोठा आवाज मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

रिंगणांना जाळी तुळशीरामभाऊंनी बांधली. कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे स्वतःच आले, नवं जाळं तोडून त्याचे दोन तुकडे विणून घेतले होते. शिडीवर चढून दोन्ही बाजूंना बांधून गेले.

दुपारी सगळी मंडई आखराभोवती लोटली. जिलेबीवाला कढई उतरवून आला. दंडारीतले गडी तोंडाला रंग लावलेले तसेच आले. आणि समोर, सतरंजीवर, पांढरे कपडे, खांद्यावर शाल, असे तीन पाहुणे. सिंदेवाहीवाले.

कुंदाची सुरुवात वाईट झाली. पहिला चेंडू पायाला लागून गर्दीत गेला. दुसरा नंदाने हातातून काढून घेतला. गावात कुजबुज सुरू झाली. पारावरचा तोच म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हे का खेळ हाय? नुसत्या हिसकाहिसकी करून राह्यल्या." दोघंतिघं हसले. मी भोंग्यातून काही बोलायला गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडले नाहीत. दामूभाऊ रेषेवर उभे होते. एवढंच म्हणाले, "कुंदे, जा."

आणि ती गेली.

नंदा समोर झाडासारखी उभी. कुंदा तिच्या कोपराखालून गेली. दुसरी आडवी आली, तिला वाटलं डावीकडे, ही उजवीकडे. "एक सरली! दोन सरल्या!" माझा आवाज परत आला. "अवो बाई, तिसरीबी सरली! धरा वो तिले कोणी!" गाव उठून उभं राहिलं. सगळ्यांच्या पल्याड, योग्य बाजूला, योग्य जाळीखाली ती उडी मारून वर झाली आणि चेंडू आत गेला.

आत गेला, आणि तिथेच राहिला.

खाली पडेना. जाळ्यात लोंबत राहिला, पकडलेल्या मोठ्या माशासारखा. क्षणभर कुणाला कळेना. मग दामूभाऊंनी वर पाहिलं. तुळशीरामभाऊंनी जाळं खालून गाठ मारून बंद केलं होतं.

शिडी आणली. तुळशीरामभाऊ चढले, हात घालून चेंडू काढला. दामूभाऊ खालून म्हणाले, "भाऊ, खालून मोकळं पाह्यजे. तळ कापा."

"काऊन?"

"चेंडू खाली पडाले पाह्यजे."

तुळशीरामभाऊ शिडीवरूनच म्हणाले, "मंग जाळं कायले पाह्यजे? जाळं धरून ठेवाले असते जी. सुटून जाव म्हणून कोण जाळं विणते?"

सगळं गाव त्यांच्या बाजूने होतं. "बरोबर हाय! बरोबर हाय!" निम्मं गाव धिवरांचं. तळ नसलेलं जाळं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

कुंदा शिडीखाली येऊन उभी राहिली. धापा टाकत, कपाळावर केस चिकटलेले. "बाबा," ती म्हणाली, "आतून गेला हे दिसाले पाह्यजे, म्हणून जाळं असते. दिसलं का मंग सोडून द्याचं."

ते वरून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली हात केला. कुणीतरी विळा दिला. त्यांनी स्वतः विणलेल्या नव्या जाळ्याला विळा लावला, सावकाश, एकेक गाठ सोडून खालचा दोर कापला. उतरले, शिडी उचलून दुसऱ्या बाजूला नेली आणि तिथलंही कापलं. माझ्या हातात भोंगा होता. मी काही बोललो नाही, आणि त्या दिवशी मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम.

पुढचा खेळ काय सांगू? चेंडू जाळ्यातून सळकन खाली पडायचा आणि दर वेळी पोरं, बायका, रंगवलेले गडी मिळून ओरडायचे. कुंदाने घातले, कुंदाने दिलेले तिच्या बाजूच्या मुलींनी घातले. पारावरचा म्हातारा काठी आपटत सांगत होता, "आमच्या गावची हाय! आमच्या तुळशीरामची हाय!" म्हणजे मघाशी हसलेलं गावच आता तिचा नातलग झालं. गावाचं मत विचारायची गरज उरली नाही.

खेळ संपला. कुंदा घागरीजवळ उभी राहून लोट्याने पाणी पीत होती, दोन्ही गालांवरून ओघळ वाहत होते. मी, दामूभाऊ, शकुनबाई आणि तुळशीरामभाऊ तिच्यापासून चार हातांवर. तेवढ्यात सिंदेवाहीच्या पाहुण्यांतले वडीलधारे, मुलाचे काका, शाल सावरत आले. चेहरा खुललेला.

"तुळशीरामभाऊ, पोरगी पसंत हाय आमाले," ते म्हणाले. "लय चपळ हाय. घरचं काम पटापट उरकन. बोला, कधी येऊ?"

गावाने हो म्हटलं होतं, पण असं दारात आलेलं, स्वतःहून होकार देणारं स्थळ बाप सहजासहजी सोडत नसतो. दामूभाऊ जमिनीकडे बघत होते. शकुनबाईंचं "काही होत नाही" ओठांवरच थांबलं होतं. तुळशीरामभाऊंनी धोतराला हात पुसले. एकदा लेकीकडे पाहिलं, आणि मग पाहुण्यांकडे.

"पोरगी इथी नाई जी," ते म्हणाले.

"कुठी गेली?"

"चंद्रपूरले गेली. खेळाले."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चार हातांवर उभ्या असलेल्या कुंदाकडे पाहिलं. तिचा लोटा तोंडाजवळच थांबला होता.

"मंग हे कोण हाय?"

"हे?" तुळशीरामभाऊ म्हणाले. "हे सामान बांधाले आली हाय."